एकट्याने ओसाका : पहिल्या प्रवासाची पूर्वतयारी

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेचा कार्यक्रम आटोपल्यावर सभागृहातील सतरंज्या गोळा करणे चालू होते. त्या वेळी आपल्या संस्थेचे एक जुने सभासद आमच्याजवळ येऊन बसले. त्यांची धाकटी मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षे शिकवण्या घेऊन तिने काही पैसे साठविले होते, जपानी भाषेच्या पहिल्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि नोव्हेंबरात आठवडाभर ओसाका शहर पाहून यावे असे तिच्या मनात होते. तेही एकटीने. घरात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच.

वडील म्हणाले, "भाऊ, पैसे तिचे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण उतरल्यावर ती जाणार कुठं, खाणार काय, आणि काही झालं तर तिथं आपलं कोण आहे?"

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ते विचारले जातात, आणि बहुतेक वेळा उत्तर न मिळाल्यामुळे प्रवासच रद्द होतो. आम्ही त्या बापलेकींना दुसऱ्या रविवारी घरी बोलाविले. वही घेऊन बसलो. पुढे आणखी चार रविवार बसलो. त्या बैठकांत जे ठरले तेच या लेखात मांडीत आहोत, कारण संस्थेतील आणखी काही विद्यार्थ्यांनी अशीच विचारणा केली आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, एकट्याने प्रवास करणे हे धाडसाचे काम नसून तयारीचे काम आहे. आणि ही तयारी काय काय पाहायचे यापासून सुरू न करता पहिल्या रात्री कुठे झोपायचे यापासून सुरू करावी.

शहर एक, मुक्काम एक

पहिल्या प्रवासात पुष्कळांची चूक होते ती अशी : तोक्यो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा अशी चार शहरे सात दिवसांत बसवायची. दर दोन दिवसांनी सामान बांधायचे, नवे स्थानक, नवे हॉटेल. बरोबर माणूस असेल तर एक जण सामान सांभाळतो, दुसरा चौकशी करतो. एकट्याला दोन्ही करावे लागते. म्हणून एकच शहर निवडावे, एकाच ठिकाणी राहावे, आणि जवळच्या गावांना सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे.

यासाठी ओसाका सोयीचे आहे. शहर मोठे असले तरी रेल्वेचे जाळे समजण्याजोगे आहे. नारा आणि कोयासान ही दोन्ही ठिकाणे येथून एका दिवसात पाहून होतात. आणखी एक फायदा म्हणजे सर्व जपानभर चालणारा महागडा रेल्वे पास घ्यावा लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पासची किंमत वाढून सात दिवसांच्या साध्या पासाला ५०,००० येन पडू लागले. एका शहरात राहणाऱ्याने तो घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

ऋतूचाही विचार करावा. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हा साकुराच्या फुलांचा काळ. तेव्हा गर्दी फार आणि खोल्या महाग. एप्रिलअखेर ते ५ मे या काळात जपानी लोकांच्या सलग सुट्ट्या येतात. जून-जुलैत पाऊस, ऑगस्टमध्ये घामाघूम करणारा उकाडा, आणि सप्टेंबरपर्यंत वादळांची भीती. ४ सप्टेंबर २०१८ रोजी आलेल्या वादळाने ओसाकाच्या विमानतळावर समुद्राचे पाणी शिरले आणि वाऱ्याने वाहून आलेले जहाज विमानतळाच्या पुलावर आदळले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सर्वांत बरे. विद्यार्थ्यांना मे महिन्यातच जमत असेल तर ५ मे नंतरचे पंधरा दिवस चांगले.

कागदपत्रे

भारतीय नागरिकाला जपानसाठी व्हिसा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जपानी वकिलातीच्या कक्षेत येतात आणि ते नेमलेल्या अर्ज केंद्रामार्फत दिले जातात. पासपोर्ट, अर्ज, छायाचित्र, विमानाचे आरक्षण, बँकेचे खातेपत्रक, आयकर विवरण अशी कागदपत्रे लागतात. विद्यार्थ्याचा खर्च पालक करणार असतील तर पालकांची आर्थिक कागदपत्रे आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. यांतच एक कागद असा असतो की, कोणत्या तारखेला कोठे जाणार, काय करणार आणि कोठे राहणार याचा दिवसवार तक्ता. अनेक जण तो शेवटच्या क्षणी कसाबसा भरून देतात. आमचा सल्ला असा की, हा तक्ताच आपल्या सगळ्या तयारीचा पाया समजावा आणि तो मनापासून करावा.

एप्रिल २०२४ पासून भारतातील पर्यटकांना एकदा प्रवेशाचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागला आहे. पासपोर्टवर चिकटपत्र येत नाही. विमानतळावर तो मोबाईलवर, इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावरूनच दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा पडद्याचा फोटो चालत नाही. हे ठाऊक नसले तर मुंबईच्या विमानतळावरच घाम फुटतो. तसेच व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये.

याखेरीज 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी सोयीवर प्रवेशाचा आणि जकातीचा तपशील आधीच भरून ठेवता येतो. घरी बसून भरावा, म्हणजे उतरल्यावर फॉर्म लिहीत बसावे लागत नाही.

औषधांबाबत सावध राहावे. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक असलेली सर्दीची औषधे नेण्यास बंदी आहे, आणि कोडीन असलेल्या औषधांवरही निर्बंध आहेत. आपल्याकडे घरोघरी सापडणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचूनच त्या बॅगेत टाकाव्यात. मटणाचे किंवा कोंबडीचे कोणतेही पदार्थ, पॅकबंद असले तरी, नेऊ नयेत. ताजी फळेही नेऊ नयेत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू यांना हरकत नसते.

पहिल्या रात्रीचा रस्ता

आता वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. उतरल्यावर जाणार कुठे?

येथे आमची स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. २०१७ साली आम्ही ओसाकाला प्रथम गेलो तेव्हा हॉटेलच्या पत्त्यात 'उमेदा' असे लिहिले होते. आम्ही 'ओसाका' स्थानकावर उतरलो आणि उमेदा कुठे म्हणून विचारीत सुटलो. वस्तुतः दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. जपान रेल्वे त्या स्थानकाला ओसाका म्हणते, भुयारी रेल्वे उमेदा म्हणते. शिवाय पूर्व उमेदा आणि पश्चिम उमेदा अशी स्थानके निराळीच. त्या सर्वांना जोडणारा बाजार जमिनीखाली पसरलेला आहे. आम्ही त्यात दोन तास फिरलो. शेवटी एका दुकानातील वृद्ध बाईंनी दुकान शेजारणीवर सोपवून आम्हाला योग्य दारापर्यंत पोहोचविले. हॉटेल त्या दारापासून चार मिनिटांवर होते. आमच्याकडे पत्ता होता, पण स्थानकाचे दार कोणते हे नव्हते.

म्हणून पहिला नियम असा : हॉटेल ठरविताना स्थानकाचे नाव, रेल्वे कंपनीचे नाव आणि बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. मोठ्या स्थानकांना अशी दारे डझनावारी असतात. जपानी पत्त्यात बहुधा रस्त्याचे नाव नसते; भाग, गट आणि इमारत यांचे क्रमांक असतात. म्हणून हॉटेलचे नाव व पत्ता जपानी लिपीत कागदावर छापून खिशात ठेवावा. मोबाईल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.

कान्साई विमानतळ ४ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाला. तो समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे. तेथून नानकाई कंपनीची साधी जलद गाडी सुमारे पाऊण तासात नाम्बा स्थानकावर आणते. भाडे ९७० येन. म्हणून आम्ही मुलीसाठी नाम्बाजवळचा मुक्काम निवडला. कारण सोपे होते. विमानतळाची गाडी नाम्बाला येते, कोयासानची गाडी नाम्बाहून सुटते, नाराची गाडीही ओसाका-नाम्बाहून सुटते, आणि शहराच्या उत्तर-दक्षिण धावणाऱ्या मिदोसुजी या भुयारी मार्गावरही नाम्बा आहे. सर्व दिशांना जाण्यासाठी एकच स्थानक नीट ओळखले की काम भागते.

मुंबईहून ओसाकाला जाताना बहुधा सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग अशा ठिकाणी विमान बदलावे लागते. तिकीट निवडताना दोन-तीन हजार रुपये जास्त पडले तरी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर पोहोचणारे विमान घ्यावे. शहरातील गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. उशिरा उतरलेल्या माणसाला टॅक्सीचे भाडे भरावे लागते किंवा विमानतळावर रात्र काढावी लागते. हॉटेलात खोली साधारणपणे दुपारी तीननंतर मिळते. त्याआधी पोहोचल्यास सामान ठेवून घेतात.

मुलीने हा पहिल्या रात्रीचा रस्ता नकाशावर इतक्या वेळा पाहिला की शेवटी ती डोळे मिटून सांगू लागली : फलाट, सरकता जिना, दार, डावीकडे दुकान, दुसरे वळण. आमच्या मते तयारी याला म्हणतात.

मुक्काम आणि शहरातील फिरणे

एकट्यासाठी दोन प्रकार परवडतात. एक म्हणजे वसतिगृहासारखी सामाईक खोली. तीत केवळ स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या असतात. दुसरा म्हणजे लहानशा एकट्याच्या खोलीचे साधे हॉटेल. पहिले तीन दिवस एकट्याची खोली आणि नंतर सामाईक, अशी विभागणी काही जण करतात. पण एकाच जागी राहण्याचा नियम मोडू नये असे आम्हास वाटते. हॉटेलवाले पासपोर्ट पाहून त्याची प्रत घेतात, त्यात काही वावगे नाही. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा तेथील कायदाच आहे.

भुयारी रेल्वेचा मिदोसुजी मार्ग १९३३ सालचा आहे. नकाशात तो लाल रंगाने दाखवितात. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर क्रमांक असतो : उमेदा १६, नाम्बा २०, तेन्नोजी २३. नाव वाचता आले नाही तरी क्रमांक मोजता येतात. या मार्गावर सोमवार ते शुक्रवार एक डबा केवळ स्त्रियांसाठी राखीव असतो. फलाटावर त्या डब्याची जागा रंगवलेली असते. प्रत्येक वेळी तिकीट काढण्यापेक्षा 'इकोका' नावाचे कार्ड घ्यावे. ते २,००० येनला मिळते. त्यांत ५०० येन अनामत असते. कार्ड दाराशी टेकविले की भाडे आपोआप कापले जाते. हेच कार्ड बहुतेक कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतही चालते.

काही रीती ठाऊक असाव्यात. सरकत्या जिन्यावर ओसाकाचे लोक उजवीकडे उभे राहतात. तोक्योत हेच डावीकडे. गाडीत फोनवर बोलत नाहीत. रस्त्यावर कचरापेट्या फारशा नाहीत, म्हणून एक पिशवी जवळ ठेवावी. २७ जानेवारी २०२५ पासून ओसाका शहरात सर्व रस्त्यांवर धूम्रपानास बंदी असून दंड आहे. बक्षिसी कोणाला द्यावयाची नसते. दिली तर माणूस मागे धावत येऊन परत करतो.

विजेचा दाब १०० व्होल्ट असून सॉकेट दोन चपट्या पात्यांचे असते. आपल्या गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. एक जोडप्लग येथूनच न्यावा आणि चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे ना, ते पाहावे.

पैशाचा हिशेब

मुलीने सात रात्री, आठ दिवसांचा जो हिशेब मांडला तो येथे देतो. विमानभाडे, व्हिसा आणि विमा वेगळे. बाजारभाव बदलतो, म्हणून हा केवळ नमुना समजावा.

मुक्काम, रोज ४,५०० प्रमाणे सात रात्री : ३१,५०० येन
जेवणखाण, रोज २,५०० प्रमाणे आठ दिवस : २०,००० येन
शहरातील प्रवास, रोज १,००० प्रमाणे : ८,००० येन
विमानतळ, नारा व कोयासान जाणे-येणे : ८,००० येन
प्रवेशशुल्क व किरकोळ : ५,००० येन
एकूण : ७२,५०० येन

याखेरीज २५,००० येन 'हात न लावण्याचे' म्हणून वेगळे ठेवले. हे पैसे खरेदीसाठी नाहीत. विमान चुकले, आजारपण आले, हॉटेल बदलावे लागले, तरच वापरायचे. आमच्या मते ही रक्कम जमली नसेल तर प्रवास सहा महिने पुढे ढकलावा, पण उसनवारीवर जाऊ नये.

जपानमध्ये कार्ड चालते, तरीही लहान खानावळी, विहारांतील दानपेट्या आणि काही बसगाड्या रोख पैसेच घेतात. सेव्हन-इलेव्हन या दुकानांतील यंत्रातून परदेशी कार्डावर येन काढता येतात. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत, आणि कार्डेही दोन असावीत.

जुलै २०२४ पासून तेथे नव्या नोटा आल्या आहेत. त्यांतील ५,००० येनच्या नोटेवर त्सुदा उमेको यांचे चित्र आहे. १८७१ साली जपान सरकारने पाच मुलींना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविले. त्यांतील त्या सर्वांत लहान. वय अवघे सहा वर्षांचे. पुढे परत येऊन त्यांनी १९०० साली मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शाळा काढली. तिचेच आज विद्यापीठ झाले आहे. ही हकीकत आम्ही त्या सभासदांना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण मुलीच्या वहीतील हिशेब त्यांनी पहिल्यांदाच हातात घेऊन वाचला.

खाणार काय?

ओसाका हे खवय्यांचे गाव. मात्र ज्यांना शाकाहार पाळायचा आहे त्यांनी जाणून असावे की, तेथील बहुतेक रश्श्यांत आणि सूपांत 'दाशी' असते, आणि ती सामान्यतः सुक्या मासळीपासून करतात. वरून भाजीचा दिसणारा पदार्थही पूर्ण शाकाहारी असेलच असे नाही. 'ताकोयाकी' या गोळ्यांत अष्टपाद नावाचा समुद्री प्राणी असतो. गोमांसाला 'ग्यूनिकु' व डुकराच्या मांसाला 'बुतानिकु' म्हणतात. जे खायचे नसेल ते कागदावर जपानीत लिहून न्यावे आणि खानावळीत दाखवावे.

सोय होते ती कोंबिनीत. 'ओनिगिरी' म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोणी गोळा. त्यात आंबट 'उमे' घातलेला घ्यावा. शिवाय केळी, दही, पाव, उकडलेली अंडी मिळतात. नळाचे पाणी पिण्यास चांगले असते. सकाळचा नाश्ता कोंबिनीत, दुपारी पोटभर जेवण, रात्री हलके, असे केले तर हिशेब बरोबर बसतो. मुलीने घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी पाचव्या दिवशी संपली.

आठ दिवसांचा आराखडा

व्हिसाच्या अर्जासाठी केलेला तक्ता असा होता. पहिला दिवस : पोहोचणे, हॉटेल, जवळच्या कोंबिनीपर्यंत चालणे, झोप. दुसरे काहीही नाही.

दुसरा दिवस : शितेन्नोजी. युवराज शोतोकु यांनी ५९३ साली स्थापन केलेला हा विहार जपानमधील अगदी आरंभीच्या विहारांपैकी आहे. इमारती अनेकदा जळाल्या व पुन्हा उभ्या राहिल्या. तेन्नोजी स्थानकावरून चालत जाता येते.

तिसरा दिवस : ओसाकाचा किल्ला. तोयोतोमी हिदेयोशी याने १५८३ साली त्याचे बांधकाम सुरू केले. आजचा मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा आहे. नाम्बाहून मिदोसुजी मार्गाने होम्माची, तेथे गाडी बदलून तानिमाची चौथा विभाग.

चौथा दिवस : नारा. ओसाका-नाम्बाहून किंतेत्सु कंपनीच्या गाडीने सुमारे चाळीस मिनिटे. तोदाइजी विहारातील सुमारे पंधरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती पाहायची. या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली झाला आणि तो बोधिसेन या भारतीय भिक्खूंच्या हस्ते झाला. ते ७३६ साली नानिवा येथे, म्हणजे आजच्या ओसाकालाच, येऊन पोहोचले होते. तेव्हा आपला माणूस तेथे पहिल्यांदाच चालला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पाचवा दिवस : कोरा. कपडे धुणे, विश्रांती, पाऊस असेल तर खोलीत वाचन. या कोऱ्या दिवसाला पुष्कळ जण नाके मुरडतात. पण एकट्या माणसाला थकवा अधिक येतो, कारण दिवसभर प्रत्येक निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

सहावा दिवस : कोयासान. कुकाई यांना ८१६ साली हा डोंगर साधनेसाठी मिळाला. नाम्बाहून नानकाईच्या गाडीने गोकुराकुबाशी, सुमारे दीड तास; तेथून दोरखंडावर चढणारी गाडी आणि मग बस. उंचीमुळे शहरापेक्षा थंडी बरीच असते, स्वेटर हवाच. ओकुनोइन येथे उंच देवदारांमधून दोन किलोमीटरची वाट आहे आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. येथील विहारांत मुक्कामाची आणि शुद्ध शाकाहारी भोजनाची सोय होते. आपल्या वाचकांना आवर्जून सांगावयाचे म्हणजे, येथील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

सातवा दिवस : नाकानोशिमा हे नदीमधील बेट, तेथील १९१८ सालचे लाल विटांचे सार्वजनिक सभागृह, आणि संध्याकाळी दोतोम्बोरीचे दिवे. रात्री या भागात दुकानात ओढू पाहणारे दलाल फिरतात; त्यांच्याशी न बोलता पुढे जावे. आठवा दिवस : परत.

काही झाले तर

हा वडिलांचा शेवटचा आणि खरा प्रश्न. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशामक दलासाठी ११९ हे क्रमांक आहेत. चौकाचौकांत 'कोबान' म्हणजे छोटी पोलीस चौकी असते. वाट चुकली, वस्तू हरवली, तर तेथे जावे. प्रवासाचा विमा टाळू नये. परदेशात रुग्णालयाचा खर्च मोठा येतो. भूकंप झाल्यास डोके सांभाळून टेबलाखाली बसावे, बाहेर धावू नये, हॉटेलातील सूचना पाळावी.

परंतु यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरच्यांशी केलेला ठराव. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. ठरले ते असे : रोज तेथील रात्री नऊ वाजता, म्हणजे आपल्याकडील साडेपाचला, एक निरोप. निरोप न आल्यास दोन तास थांबायचे, आणि मगच हॉटेलला फोन करायचा. तक्त्याची, विम्याची आणि पासपोर्टची प्रत घरी एका फाईलीत. मध्येच चार वेळा फोन करून मुलीला त्रास द्यायचा नाही.

चौथ्या दिवशी साडेपाचला निरोप आला नाही. साडेसहाला नाही, सातला नाही. साडेसातला ते सभासद फाईल छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. पायांत चपला दोन वेगवेगळ्या. "भाऊ, दोन तास झाले," एवढेच म्हणाले. आम्ही फाईल उघडली आणि हॉटेलला फोन लावला. पलीकडच्या माणसाने मोडक्या इंग्रजीत सांगितले की पाहुण्यांची माहिती देता येत नाही, पण निरोप देता येईल. तो वीस मिनिटांचा काळ कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. मग मुलीचा फोन आला. नाराला दिवसभर फोटो काढून मोबाईलची बॅटरी संपली होती, आणि परतताना ती जलद गाडीऐवजी प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीत बसली होती. हॉटेलच्या दारातच निरोप मिळाला. ती म्हणाली, "बाबा, रस्ता चुकले नाही. कागद होता ना खिशात."

त्यातून आमच्या यादीत एक भर पडली : मोबाईल चार्ज करणारी जादा बॅटरी न्यावी, आणि विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवावी. वडिलांनीही एक गोष्ट सांगितली. दोन तासांचा नियम नसता तर साडेपाच वाजून दहा मिनिटांनीच त्यांनी सगळ्या नातेवाइकांना गोळा केले असते.

मुलगी ठरल्या दिवशी परत आली. 'हात न लावण्याच्या' पैशांना हात लागला नव्हता. त्यांतील ५,००० येनची एक नोट तिने वडिलांना दिली; ती त्यांनी बदलून आणलेली नाही.

वाचकहो, तिचा तक्ता, हिशेब, पत्त्यांचे कागद आणि कागदपत्रांची यादी असलेली फाईल संस्थेच्या ग्रंथालयातील दुसऱ्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी ती पाहावी, दर आणि नियम त्या त्या वेळी ताजे करून घ्यावेत, आणि परत आल्यावर आपले कागद त्याच फाईलीत लावावेत. फाईल घरी नेता येणार नाही. प्रत काढून घ्यावी.